शिवणयंत्र राहू द्या, जमिनीचं बोला

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने श्रीलंकेच्या सहलीचे फोटो टाकले. अशोकवाटिका झाली, नल्लूरचं देऊळ झालं, आणि मग किलिनोच्चीजवळ रस्त्याकडेच्या दुकानात ताडाच्या पानांच्या टोपल्या विणणाऱ्या बायका. खाली हिचं वाक्य : 'युद्धात नवरे गेले, पण बघा कशा स्वतःच्या पायावर उभ्या आहेत! आपण थोडे थोडे पैसे काढून अशा बायकांना छोटं कर्ज देऊया का?' त्यावर नमस्कार, बदाम आणि 'ग्रेट आयडिया' यांची रांग. मी 'छान' असं टाइप केलं, खोडलं, आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

अगं, कर्ज? तिथल्या बायकांना आणखी काहीही कमी पडलं असेल, कर्ज कमी पडलेलं नाही.

श्रीलंकेचं सैन्य आणि वेगळं तमिळ राज्य मागणारे 'तमिळ वाघ' (एलटीटीई) यांच्यातलं युद्ध मे 2009 मध्ये उत्तरेकडच्या मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर संपलं. विस्थापितांच्या छावण्यांतून बायका परत आल्या तेव्हा घराच्या जागी नुसता चौथरा. गळ्यातलं, हातातलं होतं नव्हतं ते आधीच विकलेलं नाहीतर गहाण पडलेलं. तो जाफन्याकडे जाणारा ए-9 रस्ता खुला झाला आणि त्या रस्त्याने लीजिंग कंपन्या आणि मायक्रोफायनान्सवाले, म्हणजे छोटी कर्जं वाटणारे, आले. तारण नको, नवऱ्याची सही नको, पाच बायकांचा गट करा आणि पैसे न्या. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या चौघी तिच्या दारात. म्हणजे वसुलीचं कामही बायकांकडूनच, आणि फुकटात. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे कर्जविषयक तज्ज्ञ हुआन पाब्लो बोहोस्लाव्स्की तिथे जाऊन आले. व्याज 220 टक्क्यांपर्यंत जात होतं हे त्यांनी सांगितलं, आणि वसुलीला येणारे पुरुष हप्त्याच्या बदल्यात काय मागत होते हेही सांगितलं. सैन्याच्या तावडीतून जीव वाचवून आलेली बाई, आणि तिच्या दारात दर आठवड्याला हा मोटारसायकलवाला. त्याच वर्षी सरकारला बारा दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची एक लाख रुपयांपर्यंतची थकलेली कर्जं माफ करावी लागली. उगाच केली का?

माझी मावशी आठवतेय सकाळपासून. मराठवाड्यातली. काका ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशेब करायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. भांडण नाही, निरोप नाही, प्रेत नाही. दोन एकर कोरडवाहू, सातबारा काकांच्या नावावर. मावशी तलाठ्याकडे गेली, तर तो म्हणाला, 'मृत्यूचा दाखला आणा, लगेच वारसनोंद करतो.' मावशी म्हणाली, 'तुम्ही पाहिलं का त्यांना मेलेलं?' झालं. नाव नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. शेत दीर कसायला लागला. मग गावात गटाचं कर्ज देणारे आले. त्यांना सातबारा लागत नव्हता. मावशीने शेळ्या घेतल्या, दोन मेल्या, आणि हप्त्याच्या दिवशी ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसायची. लहान होते मी. कुणी विचारलं तर 'मावशी शेतात गेलीय' असं सांगायचं, हे मला पढवलेलं होतं.

मान्य आहे, कुठे आमचं गाव आणि कुठे सव्वीस वर्षांची यादवी. आमच्याकडे बॉम्ब पडले नाहीत. पण दाखल्याची गोष्ट तीच आहे आणि त्यांच्याकडे ती हजारो घरांत आहे. शेवटच्या दिवसांत किती बायकांनी नवऱ्याला, मुलाला स्वतःच्या हाताने सैन्याच्या स्वाधीन केलं, नाव लिहून दिलं, आणि पुढे काहीच कळलं नाही. त्यांना सांगितलं गेलं, मृत्यूचा दाखला घ्या म्हणजे मदत मिळेल, कागद होतील. दाखला घ्यायचा म्हणजे तो मेला हे आपण सही करून द्यायचं, आणि कसा मेला, कुणी मारला हा प्रश्न तिथेच संपवायचा. बायकांनी नाही म्हटलं. 2016 मध्ये कायदा करून 'बेपत्ता असल्याचा दाखला' आणला गेला. बरं झालं, नाही म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी सात वर्षं लागली.

आणि जाफन्याकडच्या तमिळांना लागू असलेला तेशवळमै कायदा ऐकला आहे का कुणी? डचांनी 1707 मध्ये लिहून काढलेली रूढी, पुढे इंग्रजांनी तीवर कलमं चढवली. या कायद्यात बाईच्या माहेरची जमीन बाईचीच असते. वा! पण लग्न झालेल्या बाईला ती विकायची किंवा गहाण टाकायची तर नवऱ्याची लेखी संमती हवी. नवरा बेपत्ता असेल तर? कोर्टात जा. म्हणजे स्वतःच्या जमिनीवर बँकेचं स्वस्त कर्ज मिळू शकतं अशी बाई आधी वकील शोधणार, तारखा घेणार, आणि तोवर तो मोटारसायकलवाला सही न मागता उंबऱ्यावर पैसे मोजून देतो. ती कुणाकडून घेईल?

जमिनीचं तर बोलूच नका. मुल्लैतीवू जिल्ह्यातल्या केप्पापुलवूच्या बायका 2017 मध्ये लष्कराच्या तळाबाहेर रस्त्यावर बसल्या, कुंपणापलीकडे त्यांची स्वतःची शेतं दिसत होती. इरणैतीवू बेटावरच्या लोकांना नौदलाने 1992 मध्ये हलवलं होतं. निवेदनं देऊन देऊन थकल्यावर एप्रिल 2018 मध्ये ते होड्या घेऊन, पांढरी निशाणं लावून सरळ बेटावर जाऊन उतरले, पुढे बायकाच होत्या. विचारलं नाही कुणाला! त्या बेटावर त्यांची मासेमारी आहे, नारळ आहेत, देऊळ म्हणा चर्च म्हणा सगळं आहे. तेव्हा कुठल्या एनजीओने शिवणयंत्र वाटलं नव्हतं. हा फोटो का नाही फिरत आपल्या ग्रुपवर?

उलट काय झालं, संरक्षण मंत्रालयाच्याच नागरी सुरक्षा खात्याने शेतं काढली, आणि जमिनी गेलेल्या, पूर्वी बंदूक घेतलेल्या बाया तिथे पगारावर राबल्या. पगार वेळेवर मिळायचा, हे कबूल. पोट भरतं. तयार कपड्यांचे कारखाने आले, तिथेही पोरींना काम मिळालं, तेही कबूल. आणि हो, वाघांनीही घराघरांतून पोरी ओढून नेल्या होत्या, ते मी विसरलेले नाही, कुणी लगेच कमेंटमध्ये धावून येऊ नका. पण ज्या गणवेशातल्या माणसांवर बलात्काराचे आरोप 2015 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात पानंच्या पानं भरून आहेत, त्यांच्याच मंत्रालयाकडे महिन्याच्या पगारासाठी हात पसरायचा, याला सक्षमीकरण म्हणताना जीभ अडखळायला हवी की नको?

मैत्रिणीवर राग नाही गं. तिने टोपल्या विकत घेतल्या, घासाघीस केली नाही, तिचं मन चांगलं आहे. मीच सकाळपासून फणफणतेय. आपल्याकडेही 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती केली तेव्हा शरद जोशींनी बायकांना लोणची-पापड घाला असं सांगितलं नव्हतं. पुरुषांना सांगितलं, बायकोच्या नावावर जमीन करा. शंभर घरांनी केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. पुढे त्याचं किती टिकलं यावर भांडता येईल, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं. मावशीच्या गावात ते पोचलं नाही. पोचलं असतं तरी सही करायला काका कुठे होते?

सात वर्षं झाल्यावर माझ्या मामाने वकील गाठला होता. कोर्टात अर्ज करायचा, इतकी वर्षं माणूस दिसला नाही म्हणजे मेला असं धरतात. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'म्हणजे मी कोर्टात उभी राहून त्यांना मारू?' आम्ही सगळे तिला हट्टी म्हणालो. सातबारा आजही काकांच्याच नावावर आहे, कसतो दिराचा मुलगा.

किलिनोच्चीत बेपत्ता माणसांच्या आया 20 फेब्रुवारी 2017 ला देवळापाशी धरण्याला बसल्या. त्यातल्या कितीतरी वाट बघत बघतच वारल्या. 2022 मध्ये सरकारने बेपत्ता माणसामागे एक लाख रुपये देऊ केले. श्रीलंकेचे रुपये, आणि देश दिवाळखोरीत बुडत असताना. आयांनी नाकारले. आता कुणीतरी लिहील की भावनेपेक्षा पोट मोठं, पैसे घ्यायला हवे होते. लिहा. पण मग हेही लिहा, की सरकारला लाख रुपये मोजता येतात, तर कुठल्या तळावर कुणाला नेलं त्या याद्या का देता येत नाहीत? नवऱ्याचा मृत्यू लिहून न देता बाईच्या नावावर तिची जमीन का करता येत नाही? त्याला तर एक रुपयाही लागत नाही.