सातव्या डिस्कचा प्रश्न

घरच्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर डिस्क जोडायचे, म्हणजे साटाचे, पोर्ट सहा असावेत आणि घरात हार्ड डिस्क सात असाव्यात, एवढ्या क्षुल्लक कारणावरून कोथरूडच्या आमच्या घरात दोन पक्ष पडले: मदरबोर्डवरच्याच (ऑनबोर्ड) पोर्टांवर भागवा म्हणणारा आणि जादा पोर्ट देणारे वेगळे कार्ड घ्या म्हणणारा. त्यातही सहा हा आकडा कागदावरचाच होता. मदरबोर्डवरच्या एम-टू नावाच्या छोट्या खाचेत साटा एसएसडी बसवल्यास एक पोर्ट बंद राहील, ही सूचना मॅन्युअलच्या तळटिपेत अशा बेताने छापलेली होती की ती मदरबोर्ड विकत घेतल्यानंतरच दिसावी. आमची ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी त्याच एसएसडीवर असल्यामुळे प्रत्यक्षात पोर्ट उरले पाच.

हिंजवडीत नोकरी करणारा माझा मेहुणा कार्डपक्षाचा. "भाऊजी, ऑनबोर्ड पोर्टवर कुणी सर्व्हर चालवतं का? सरळ एचबीए टाका," असे तो दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेताना म्हणाला. एचबीए म्हणजे हेच कार्ड; त्याने वेग वाढेल, हा त्याचा मुख्य मुद्दा. मी त्याच्यापुढे हिशेब मांडला: साटाचा एक पोर्ट सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइट देऊ शकतो, तर फिरणारी डिस्क अडीचशेच्या आसपासच दमते, हे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपसेटकडून प्रोसेसरकडे जाणारा रस्ता जवळजवळ ४ गिगाबाइटचा आहे, म्हणजे सातही डिस्क एकदम धावल्या तरी तो निम्मासुद्धा भरत नाही, आणि एवढा सगळा खटाटोप करून ती माहिती घरातल्या ज्या गिगाबिट जोडणीतून बाहेर पडते, तिच्यातून सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट जातात. यावर सौ.ने विचारले, "अहो, पण बारशाचे फोटो दिसत नाहीत, ते कार्डाने दिसतील का?" दोन्ही पक्षांना या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

तरीही कार्डाचा मोह खोटा होता असे मी म्हणणार नाही. आठ डिस्क सांभाळणारे ९२११-८आय हे या जमातीतले लोकप्रिय कार्ड डेटा सेंटरमधून निवृत्त होऊन सेकंडहँड बाजारात येते. ते बनवणारी एलएसआय कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉमला घेऊन तिचेच नाव लावले. त्यामुळे सासर बदलत गेलेल्या मुलीप्रमाणे त्याच घराण्यातली कार्डे तीन आडनावांनी ओळखली जातात आणि शोधणाऱ्याने तिन्ही लक्षात ठेवायची असतात. शिवाय त्यात आयटी मोडचे फर्मवेअर (कार्डाच्या आतले सॉफ्टवेअर) हवे, म्हणजे कार्ड मध्ये लुडबुड न करता प्रत्येक डिस्क आहे तशी सिस्टिमला दाखवते. डिस्कचा कारभार स्वतःच पाहणारी झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्याला हेच हवे असते, कारण अनेक डिस्कची एकच करून दाखवणारे आणि मूळ डिस्क लपवणारे रेड (RAID) कार्ड बिघडले तर त्याच जातीचे दुसरे कार्ड शोधत हिंडण्याची वेळ येते.

आणखी एक अडचण उष्णतेची. ही कार्डे सर्व्हरच्या पेटीतल्या गर्जणाऱ्या पंख्यांसमोर बसण्यासाठी घडवलेली असतात. घरच्या कॅबिनेटमध्ये, तेही पुण्याच्या मे महिन्यात, त्यांच्या हीटसिंकला झिप टायने एक छोटा पंखा बांधावा लागतो. कार्डाला साधारण १० वॅट लागतात असे गृहीत धरले तर महिन्याला सात युनिट होतात. हा आकडा मी वडिलांना सांगितला आणि महावितरणचे बिल ओळ न ओळ वाचणारे वडील त्याच क्षणी ऑनबोर्ड पक्षात दाखल झाले.

खरी परीक्षा मात्र तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात झाली. कार्डाच्या एका चौकोनी कनेक्टरमधून चार डिस्कना जाणाऱ्या केबलचे दोन प्रकार असतात, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. पहिली कार्डाकडून डिस्ककडे जाते, दुसरी मदरबोर्डच्या चार पोर्टकडून बॅकप्लेनकडे, म्हणजे डिस्क खोचायच्या पाटीकडे. दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या, आणि चुकीची लावली तर धूर नाही, ठिणगी नाही, नुसत्या डिस्क दिसत नाहीत. मी दुकानदाराला यातली फॉरवर्ड कोणती असे विचारले. "साहेब, केबलला पुढं-मागं काय असतंय? उलटी धरा, की झाली रिव्हर्स," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला एक्स्टेन्शन बोर्ड दाखवू लागला. त्याच काउंटरवर माहितीच्या एकाच मार्गावर (लेनवर) पोर्ट मल्टिप्लायर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारी चिप, टाकून पोर्टांची रांग लावलेले स्वस्त कार्डही होते. ते मात्र मी हातातही घेतले नाही. ॲरेची, म्हणजे डिस्कच्या संचाची, तपासणी सुरू झाली की सगळ्या डिस्कनी एका बोळातून वाट काढायची, हे मला मान्य नाही.

शेवटी मी तीन जुन्या २ टेराबाइटच्या डिस्क निवृत्त केल्या आणि त्यांच्या जागी ८ टेराबाइटची एकच आणली. साताच्या पाच झाल्या, पोर्टही पाच, आणि बारशाचे फोटो त्या काढलेल्या डिस्कपैकी एकीवर सापडले. डिस्क मोठ्या आणि मोजक्या ठेवाव्यात, कार्डाचा विचार त्यानंतर करावा, या माझ्या मताला मेहुण्याने तोंडावर मान डोलावली. पुढे भाऊबीजेला सौ.ने त्याला ओवाळले, तेव्हा त्याने तबकात एक जड पाकीट ठेवले. तिने ते हौसेने उघडले, आतले हिरवे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि भावाला विचारले, "याची केबल कुठाय?"