मासेमारी संस्थेची, मग काठावरचा भाव ठेकेदार का ठरवतो?

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले तलाव ढीवर, भोई, केवट समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतात. तलाव सरकारचा, मासेमारी संस्थेची, निर्णय सभेचा. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. पण न्याय कागदावर मोजता येत नाही. तो काठावर टांगलेल्या काट्यावर दिसतो.

ठेक्याची रक्कम आधी भरायची. मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, जुलै-ऑगस्टमध्ये टाकायचं. विकण्याजोगी मासळी निघते डिसेंबरनंतर. मधले पाच महिने संस्थेची पेटी रिकामी, आणि तिथेच ठेकेदार म्हणवणारा खासगी व्यापारी शिरतो. रक्कम तो भरतो, बीज तो आणतो, तंगूस (नायलॉनचं) जाळंही तोच देतो. कागदावर तो फक्त खरेदीदार. प्रत्यक्षात सभासद स्वतःच्याच तलावावर मजूर होतात.

हिशेब मांडून बघा. धरा, एका ओढीत 100 किलो कटला निघाला. टोपल्याचं वजन, अंगावरचं पाणी, 'घट' असं म्हणत किलोमागे 100 ग्रॅम कापले. वहीत चढले 90 किलो. काठावरचा भाव 80 रुपये, म्हणजे 7200. तोच माल बाजारात 140 ने गेला तर 14000. गाडी, बर्फ, अडत मिळून 2500 गेले तरी 11500 उरतात. एका दिवसाचा फरक 4300 रुपये, आणि हा पैसा पहाटे चारला पाण्यात उतरणाऱ्यांचा होता. यावर उपाय अवघड नाही. काटा संस्थेचा हवा, रिकामं टोपलं आधी तोलून घ्यावं, पाणी निथळू द्यावं आणि वजनाची चिठ्ठी जागेवरच दोन सभासदांच्या सहीने फाडावी.

बीज मोजताना तर याहून जास्त फसवणूक होते. एक वाटी भरून त्यातलं बीज मोजतात आणि वाट्यांच्या संख्येने गुणतात. मोजलेली वाटी गच्च आणि बाकीच्या वाट्यांत अर्धं पाणी असलं की लाखाचे पन्नास हजार होतात. बोटुकलीचे (बोटाएवढ्या पिल्लांचे) पैसे घेऊन बारीक बीज दिलं तर ते आठवड्यात मरळीच्या आणि बगळ्यांच्या पोटात जातं. म्हणून मोजायची वाटी सभासदाने निवडावी, तीही पहिली नाही, मधलीच कुठली तरी. पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, मगच सोडाव्यात. नाहीतर पाण्याच्या तापमानातल्या फरकानेच बीज मरतं आणि खापर सभासदांवर फुटतं.

कटला, रोहू, मृगळ तलावाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळ, शिंगूर, बारकी गावठी मासळी तलावातच वाढते, तिला बीजाचा खर्च नाही. ठेकेदाराला वजनदार कटला हवा असतो, म्हणून तो रोजची किरकोळ मासेमारी बंद पाडायला लावतो. ती बंद झाली की पहिला फटका बायांना बसतो. टोपलं डोक्यावर घेऊन गावोगावी, आठवडी बाजारात विकणाऱ्या याच. पण बहुतेक ठिकाणी सभासदत्व जाळं टाकणाऱ्याला मिळतं, विकणारीला नाही. मासळी विकणं हीसुद्धा मासेमारीच आहे. तिला मत नसलेली संस्था मला अर्धीच वाटते.

आता पाणी. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं हे सिंचनाचा मेळ बघून ठरतं. धानाला शेवटचं पाणी हवंच, त्यात वाद नाही. पण पुढे रब्बीसाठी तलाव तळाला नेला की फेब्रुवारीतच सगळी मासळी एकदम काढावी लागते. परिसरातले चार तलाव एकाच आठवड्यात निघाले की भाव कोसळतो. शेतकऱ्याचं पीक वाचतं, मासेमाराचं मातीमोल होतं, आणि निर्णयाच्या बैठकीत मासेमार नसतोच.

नागपूरकरांनी यात स्वतःलाही बघावं. आपलं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळतं, म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात. तिथे जाळं टाकणाऱ्याला हे कोणी विचारून केलेलं नाही.

हक्क एकदा मान्य झाला की अटींसह पण स्पष्ट लिहून देता येतो, याचं उदाहरण जवळच आहे. पेंच नदीवरच्या तोतलाडोह जलाशयात मध्य प्रदेशच्या बाजूला 305 कुटुंबांना मासेमारी परवाने देण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1997 मध्ये न्यायालयाने पेंच राष्ट्रीय उद्यानाचा प्रश्न लक्षात घेऊनही परवाने सरसकट रद्द केले नाहीत. फोटोसह ओळखपत्र, रोजच्या मासळीची नोंद, काठावर आग न पेटवणं अशा अटी घातल्या. वनहक्क कायदा 2006 मध्येही कलम 3(1)(घ) खाली पाणवठ्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क नोंदलेला आहे. तो दावा किती ग्रामसभांनी दाखल केला, हे आपापल्या गावात विचारा.

संस्थेची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. तिथे चार कागद मागा: बीज खरेदीची पावती, वजनाच्या चिठ्ठ्या, ठेकेदाराशी झालेला करार आणि सभासदांची यादी, विक्रेत्या बायांची नावं आहेत की नाहीत ते बघायला. आणि पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांसोबत बसून तुडुमाच्या भिंतीवर ऑइलपेंटने एक रेघ मारून घ्या, मार्चअखेरपर्यंत पाणी त्याखाली जाणार नाही अशी. रेघ कुठे मारायची हे ठरवताना दोघांच्याही सह्या हव्यात.