'नेलं म्हणून वाचलं' म्हणणाऱ्या वाचकांना

महोदय,

बेनिन राज्याच्या (आजच्या नायजेरियात; 'ओबा' म्हणजे तिथला राजा) ओबांच्या ओतीव कलेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "हे ब्राँझ नव्हे, पितळ. इंग्रजांनी नेलं म्हणून वाचलं, नाहीतर तिथल्यांनी वितळवून भांडी केली असती. ओबा गुलाम विकायचे, त्यावर एक ओळ नाही. घरबसल्या लिहिणाऱ्यांनी आधी अभ्यास करावा."

पितळेचं मान्य. 'बेनिन ब्राँझ' हे नाव रुळलंय म्हणून तेच वापरलं. राजवाड्यातले बहुतेक ओतीव फलक पितळेचेच आहेत, दुरुस्ती करते.

पण 'भांडी केली असती'? हे लिहिताना काहीच कसं वाटलं नाही तुम्हाला? फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज फौज बेनिन शहरात शिरली, तेव्हा सोळाव्या-सतराव्या शतकातले शेकडो फलक राजवाड्यातच होते. इतकी वर्षं ते कुणी वितळवले नव्हते. नवा ओबा गादीवर आला की वडिलांच्या वेदीसाठी पितळी मस्तक ओतवून घ्यायचा. ते मोडून पातेली करतील ही माणसं? शहर जळालं ते फौजेच्या ताब्यात असताना. ओबा ओव्होनरामवेन कलाबारला हद्दपार झाला, १९१४ मध्ये तिथेच वारला. आणि फलक? मोहिमेचा खर्च भागवायला त्यातले कितीतरी विकले! एसिगी ओबाची आई इडिया, तिचा हस्तिदंती मुखवटा १९७७ च्या लागोसच्या महोत्सवाचं बोधचिन्ह होता. नायजेरियाने मागितला, तर ब्रिटिश म्युझियमने तेवढ्यापुरताही दिला नाही. याला वाचवणं म्हणायचं?

आणि 'घरबसल्या'. माझे वडील ओतारी होते. मेणाचा आकार, त्यावर मातीचे थर, मग भट्टी. मेण वाहून गेलं की त्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस. बेनिनच्या इगुन रस्त्यावर आजही असंच ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच वस्तू. एकदा रस मध्येच गोठला आणि देवीचा हात मनगटापाशी संपला. मेण आधीच गेलेलं, सगळं पहिल्यापासून. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मी अकरा वर्षांची होते, त्यांच्या शेजारी बसले होते. ओतलेली वस्तू जपतात कशी, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

गुलामांच्या व्यापाराचा विषय मोठा आहे, पण लेख त्यावर नव्हता. इथे त्यात शिरत नाही.

मतभेद जरूर लिहा. पण पुन्हा 'तिथल्यांनी' असा तुच्छतेचा सूर दिसला, तर प्रतिक्रिया ठेवणार नाही.