एक चान्स घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या लेकीचे बारसे झाले. टँकर उशिरा आल्यामुळे पंगत लांबली, तेव्हा आमच्या मामेसासऱ्यांनी ओट्यावर बसून देशाच्या लोकसंख्येचा यथेच्छ उद्धार केला. जेवणानंतर पान लावता लावता तेच मला म्हणाले, "जावईबापू, दोन्ही लेकीच झाल्या. एक चान्स घेऊन बघा." एकाच तोंडाने, एकाच दुपारी ही दोन्ही मते मांडता येतात, म्हणजे लोकसंख्या वाढवण्याची विद्या आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. ज्यांना ती अजून साधली नसेल त्यांच्यासाठी या सूचना.

मुलीने सोळावे गाठताच तिला उजवून टाकावे. कायदा अठरा वर्षे म्हणतो. पण कायदा काही अक्षता टाकायला येत नाही. पोरगा ऊसतोडीला जाणारा असेल तर फारच सोयीचे, कारण तिथे मजूर कोयत्यावर मोजतात: एकट्याचा अर्धा कोयता, नवरा-बायकोच्या जोडीचा पुरा, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, त्याच हिशेबाने. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या 48 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तेव्हा ही सूचना आपल्याला नवी नाही. लाभ मात्र समजून घ्यावा. प्रत्येक पिढीतली पोर अठराव्या वर्षी आई होत गेली, तर पहिली बाई बहात्तराव्या वर्षी खापरपणजी होते आणि पाच पिढ्या एकाच हौदावर पाणी भरतात. पंचविशीत आई होण्याचा अडाणीपणा केला, तर त्याच वयात तिच्यापुढे नातवंडेच असतात. म्हणजे घरटी दोनच मुले ठेवूनही गर्दी वाढवता येते.

सातवीनंतर मुलीची शाळा बंद करावी. वाट खराब असल्याचे कारण कायम उपलब्ध असते.

आता मुख्य सूचना. मुलगा होईपर्यंत थांबू नये. म्हातारपणी बघणार कोण, पाणी पाजणार कोण, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे प्रश्न विचारत राहावे. (मामांचा मुलगा पुण्याला असतो आणि मामांच्या औषधगोळ्या लेक आणून देते, हा तपशील येथे गैरलागू आहे.) तिसरी मुलगी, चौथी मुलगी, आणि मग दिवा. तेवढा धीर नसेल त्यांनी काय केले, ते 2011 च्या जनगणनेत लिहून ठेवलेले आहे: बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे मुली 807. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा, तो लागू झाला 1996 पासून, म्हणजे पंधरा वर्षे तो होता आणि तरीही हा आकडा आला. या मुली कोठे गेल्या, हे पारावर बसलेल्या एकालाही ठाऊक नसते, आणि तेच लोक आज पोरासाठी स्थळ शोधत तीन तीन जिल्हे पालथे घालतात, मुलगी मिळत नाही म्हणून कपाळ बडवतात आणि मिळालीच तर वर्षाच्या आत विचारतात, गोड बातमी कधी? लाज वाटत नाही?

असो. नसबंदीची शस्त्रक्रिया बाईचीच करावी. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के. त्या 0.3 मध्ये मी बारशाच्या आधीच जाऊन आलो, हे मामांना सांगितले तेव्हा त्यांच्या हातातला चुना सांडला आणि "आता जड काम जमायचं नाही तुम्हाला" असे ते हळहळून म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर मी कामाला गेलो नाही, दोन दिवस विश्रांती घेतली. माझ्या आईला मात्र टाक्यांचे पोट धरून आठव्या दिवशी खुरपायला जावे लागले होते.

आता उपरोध पुरे. मामा, 2019-21 च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे मुलांची सरासरी 1.7 निघाली, लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागते. ही सरासरी तुमच्या ओट्यावरच्या भाषणांनी खाली आली नाही. थोडे शिकलेल्या, दोनांवर थांबू म्हणणाऱ्या, सासूचे टोमणे खाऊन शस्त्रक्रियेला गेलेल्या बायकांनी ती खाली आणली. त्यांना अक्कल शिकवू नका. माझ्या लेकींच्या पाठीवर काय हवे, ते मला सांगू नका. आणि टँकरच्या रांगेत लोक फार झाले म्हणून ओरडण्याआधी एकदा तरी उठून बघा, त्या रांगेत घागर घेऊन तुमची सून उभी असते, तुम्ही नसता.