वैद्यकीय इच्छापत्राला मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही

‘लिव्हिंग विल करायचे तर मॅजिस्ट्रेटसमोर उभे राहावे लागते, आणि ते केले की डॉक्टर मृत्यूचे इंजेक्शन देऊ शकतात’ असा मजकूर सध्या फिरत आहे. लिव्हिंग विल म्हणजेच वैद्यकीय इच्छापत्र: बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

मॅजिस्ट्रेटच्या प्रतिस्वाक्षरीची अट सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात घातली होती, हे खरे. परंतु ती इतकी जाचक ठरली की २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानेच ती काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित केला की पुरते.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण त्याने घरातली वडीलधारी माणसे घाबरतात. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे हा भारतात आजही गुन्हाच आहे. मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातही २०११ मध्ये न्यायालयाने इंजेक्शनने मृत्यू घडवणे आणि उपचार थांबवणे यांतला फरक स्पष्ट केला होता. इच्छापत्रात आपण एवढेच सांगतो, की बरे होण्याची आशा उरली नाही आणि बोलण्याचे भान गेले, तर व्हेंटिलेटरसारखे उपचार लांबवू नयेत. तेव्हाही रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ सहमत व्हावे लागते, कागदात नेमलेल्या नातेवाइकांची संमती लागते, आणि अंमलबजावणीपूर्वी मॅजिस्ट्रेटला कळवावे लागते; त्याची परवानगी मात्र लागत नाही. वेदनाशमन आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालूच राहते.

माणूस शुद्धीवर असेपर्यंत त्याचाच शब्द चालतो, आणि केलेले इच्छापत्र तो केव्हाही लेखी रद्द करू शकतो.