आडजात

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्याला झोडपून गेलं, त्या दुपारी परड्यातली तीन मोठी झाडं पडली. आजोबांच्या लहानपणापासूनचा फणस, विहिरीजवळचा रायवळ आंबा आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेचा ऐन. माड-पोफळी किती गेल्या हे मोजण्यातच पहिले दोन दिवस गेले, त्यामुळे या तिघांकडे कुणी नीट बघितलंही नाही. लाईट नाही, फोन नाही, त्यात लॉकडाऊन.

पंधराएक दिवसांनी लाकडाचा ठेकेदार आला. अंगणातूनच नजर फिरवली आणि उक्ता भाव सांगितला: तिन्हींचे मिळून ७,००० रुपये, तोडणी आणि गाडी त्याची. मी म्हटलं, अहो, नुसत्या फणसाला दोघांची कव पुरत नाही. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, साग असता तर गोष्ट वेगळी. हे सगळं आडजात. भट्टीलाच जाणार."

आडजात हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलोय. वनखात्याच्या लिलावात साग एकीकडे आणि बाकी सगळं ‘आडजात’ या एका गठ्ठ्यात. ऐन, किंजळ, नाणा, शिवण, जांभूळ, फणस, आंबा या झाडांचं लाकूड एकमेकांशी मिळतंजुळतं नाही. रंग वेगळा, वजन वेगळं, स्वभाव वेगळा. तरी नाव एकच, आणि ज्याला स्वतःचं नाव नाही त्याचा भाव टनावर ठरतो. त्या दिवशी मी ठेकेदाराला नको म्हणालो. त्यानंतर जे शिकलो ते सविस्तर लिहितोय, कारण दर वर्षी उन्हाळ्यात आपल्याकडे डोंगरच्या डोंगर असेच उक्ते विकले जातात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे, बहुतेक झाडी तुमच्या-आमच्या सातबारावरची आहे. म्हणजे हा भाव आपणच मान्य करत आलोय.

सुरुवात चुकांनी झाली. सगळ्यात मोठी चूक आंब्याच्या बाबतीत. झाड पडलं जूनमध्ये, म्हणजे लाकूड रसाने भरलेलं आणि पुढे चार महिने पाऊस. मला वाटलं, एवढा मोठा ओंडका, त्याला काय होणार? शिवाय पडलेलं झाड असलं तरी पंचनामा, दाखला, वाहतुकीचा पास हे सगळं लागतं. ते कागद पुरे होईपर्यंत दिवाळी आली. आंब्याचा ओंडका गिरणीवर उघडला तेव्हा आत निळ्या-काळ्या बुरशीचे पट्टे होते आणि कडेचं लाकूड नखाने उकरलं जात होतं. वीसेक फळ्या निघाल्या असत्या, त्यातली एक कामाची निघाली नाही. ज्या झाडाने आम्हाला चाळीस वर्षं लोणच्याच्या कैऱ्या दिल्या, ते शेवटी चुलीत गेलं. अजून वाईट वाटतं.

दुसरी चूक लांबीची. चेनसॉवाला आला आणि सवयीप्रमाणे पाच-पाच फुटांचे तुकडे पाडायला लागला, कारण जळाऊ लाकूड गाडीत तसंच रचतात. मी ओरडेपर्यंत फणसाचा एक तुकडा पडला होता. दाराला पावणेसात फूट तरी फळी हवी. कापायच्या आधी त्यातून काय करायचं ते ठरलेलं पाहिजे, ही गोष्ट आमच्या सुतार मेस्त्रींनी मला नंतर तीनदा ऐकवली. ऐकवायलाच हवी होती.

फणसाचा बुंध्याचा तुकडा आठ फूट लांब आणि ७२ इंच गोलाईचा, म्हणजे घेराचा, निघाला. आपल्याकडे लाकडाचा धंदा ज्या हिशेबावर चालतो तो प्रत्येक झाडमालकाला यायलाच हवा. गोलाईला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला फुटांतल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. ७२ भागिले ४ म्हणजे १८. अठरा अठरं तीनशे चोवीस, गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे १८ घनफूट. प्रत्यक्षात त्या गोल ओंडक्यात जवळजवळ २३ घनफूट लाकूड असतं. चौकोन काढताना सालीकडचे जे गोलसर काप, म्हणजे पाठी, निघतात त्यांची वजावट या हिशेबातच धरलेली आहे. टेप आणि कागद घेऊन पाच मिनिटांचं काम. पण मी चाळीस वर्षं गणित शिकवूनही हे कधी केलं नव्हतं, आणि ठेकेदार ते नजरेने करत होता.

गिरणीवर तो ओंडका चढवला तो दिवस विसरणार नाही. बाहेरून काळपट, पावसाने मऊ पडलेला, सालीखालचं पांढरं लाकूड दोन बोटं कुजलेलं. गिरणीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. पहिली पाठ निघाली, मग दुसरा काप गेला आणि फळी बाजूला पडली. आत हळद! शब्दशः हळदीचा रंग, ओला, चकचकीत, कुजल्याची खूणसुद्धा नाही. पत्र्याखालून ओघळलेल्या पाण्यात भुसा पडत होता आणि ते डबकं पिवळंधमक झालं होतं. मेस्त्री एवढंच म्हणाले, "फणसाला काय होत नाय गुरुजी. पांढरं जातं, पिवळं ऱ्हातं." हा पिवळा रंग पुढे हवेने आणि उजेडाने बदलत जातो. आमचं मधल्या खोलीचं दार आता तांब्याच्या जुन्या घागरीसारखं दिसतं.

ऐनाची गोष्ट उलट. ऐन कडकपणात आणि ताकदीत सागाला मागे टाकतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने सागाला १०० धरून देशभरच्या लाकडांची तुलना केली, त्यातही ऐनाचा कडकपणा सागाच्या बराच वर आहे. मग साग मोठा का? कारण साग वाळताना आकार सोडत नाही. फारसा आकसत नाही, बाकत नाही, अंगच्या तेलामुळे पाणी आणि वाळवी दोन्ही सोसतो. हे गुण खरेच आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात तरंगतंय. पण जहाजाचा गुण आणि घराच्या खांबाचा गुण एकच नसतो. शिवाय आज बाजारात जो साग मिळतो तो बराचसा कोवळ्या लागवडीचा, निम्मा पांढरा. त्या पांढऱ्याला कीड सागाचं नाव बघून सोडत नाही.

तर ऐन. त्याला घाई चालत नाही हे मला माहीत नव्हतं. फळ्या कापून आणल्या आणि लवकर वाळाव्यात म्हणून अंगणात उन्हात उभ्या केल्या. रात्री कट्ट, कट्ट असे आवाज यायचे. सकाळी बघावं तर टोकापासून हात-हात लांब भेगा. चौदा फळ्यांतल्या पाच हाती लागल्या. आता कळतं की ओंडका पडल्याबरोबर त्याच्या दोन्ही तोंडांना जुना ऑइलपेंट किंवा डांबर फासायचं, काहीच नसेल तर शेणाचा जाड लेप. पाणी टोकांतून भराभर जातं आणि मधून जात नाही, त्या ओढाताणीत लाकूड फुटतं. मग फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी थप्पी लावून ठेवायच्या.

थप्पीचंही शास्त्र आहे. खाली जांभ्याचे चिरे एका पातळीत, त्यावर फळीचा थर, मग दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या रिपा म्हणजे लाकडी पट्ट्या, पुन्हा थर. प्रत्येक थरातली रिप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर आली पाहिजे. माझ्या पहिल्या थप्पीत रिपा मागेपुढे झाल्या आणि फळ्या समुद्राच्या लाटेसारख्या वाळल्या. वरून पत्रा, पत्र्यावर दगड. इंच जाडीची फळी हवी असेल तर सव्वा इंच कापून घ्यायची, कारण वाळताना आणि रंधा मारताना पाव इंच जातोच. आणि निदान एक पावसाळा जाऊ द्यायचा. आपल्या हवेत जुलैत लाकूड फुगतं, मार्चमध्ये आकसतं. इथे वाळलेलं लाकूड पुण्याला नेलं की आणखी आकसतं. मुलीला पाठवलेल्या टेबलाची जोड तिथे उघडली, तेव्हा हे समजलं.

एक नुकसान मात्र दुसऱ्याचं झालं. ऐन गडग्यावरचा, त्याला वडिलांनी कधीतरी कुंपणाची तार ठोकली होती. झाडाने ती तार आणि खिळे गिळून टाकले, वर साल आली. गिरणीचं पातं त्यावर गेलं. खण्ण आवाज, ठिणग्या, दात उडाले. खरं तर ओंडक्याच्या तोंडावर निळा-काळा डाग दिसत होता. ऐनाच्या लाकडात तुरटपणा भरपूर, त्यात लोखंड मिसळलं की शाईसारखा रंग धरतो. तो डाग म्हणजे आत लोखंड आहे ही सूचना होती, आम्हाला वाचता आली नाही. पात्याचे पैसे मी भरले. तेव्हापासून घराजवळच्या कुठल्याही झाडात खिळा ठोकू देत नाही, दोरीच बांधायला लावतो.

आंब्याकडे परत येतो, कारण त्याची रुखरुख होती. २०२३ च्या जानेवारीत शेजाऱ्यांच्या घराच्या कामात एक रायवळ काढावा लागला. या वेळी परवानगीचे कागद आधी, तोड नंतर, आणि आठव्या दिवशी ओंडका गिरणीवर. ओल्या फळ्या बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवल्या. बोरिक एक भाग तर बोरॅक्स दीड भाग, बांबूला वापरतात तेच. मग काही दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवल्या, म्हणजे औषध आत मुरतं, आणि नंतर थप्पी. आंब्याच्या लाकडाला किडा लवकर लागतो, पिठासारखा भुसा गळायला लागतो, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. पण वेळेत कापून औषध पाजलं तर फिकट तपकिरी, मध्येच गुलाबी-करड्या रेघांचं सुंदर लाकूड मिळतं. त्याचे दोन लांब बाक केले. घरात, कोरड्यात आहेत. पावसात ठेवायचं लाकूड ते नव्हे.

प्रत्येक लाकडाचं काम ठरलेलं आहे आणि हे ज्ञान आपल्याच घरांत होतं. पाट शिवणीचा, कारण हलका आणि बाकत नाही. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, खांबाला किंजळ किंवा ऐन. सावंतवाडीची खेळण्यातली फळं पांगाऱ्याची, कारण तो मऊ आणि हलका. पांगारा तर जळाऊ म्हणूनही कुणी विचारत नाही, आणि त्यावर एका गावाचं नाव जगभर गेलं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला झाडांचा उतारा आपण सगळेच फॉरवर्ड करतो. पण त्यात आंबा-फणस हीसुद्धा आरमाराच्या उपयोगाची लाकडं आहेत, असं स्पष्ट म्हटलंय. त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवली. आणि एखादं झाड फार जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी फणसाच्या लाकडाला मान होता, भाव होता आणि मालकाचा शब्दही होता. आजही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच ही नावं आहेत. कायदा त्यांना जपण्यासारखं मानतो. जळाऊच्या भावात काढतो तो बाजार, आणि आपण.

मला विचारतात, गुरुजी, तुम्ही झाडं कापायला शिकवताय का? नाही. ज्या फणसाचे हजार-दीड हजार येतात तो मुलीच्या फीसाठी, घरपट्टीसाठी, कशासाठीही तुटतो. ज्याच्या पोटात दोन दारं आणि एक देवघर आहे हे मालकाला ठाऊक असतं, तो फणस म्हातारा होईपर्यंत उभा राहतो. माझ्या वाडीत हे मी बघतोय. गेल्या वर्षी दोघांनी ठेकेदाराला परत पाठवलं. दुसरीकडे आपण त्याच घरात भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचं कपाट हप्त्यावर आणतो. आमच्याकडचं दोन पावसाळ्यांत फुगलं, बिजागऱ्या सुटल्या, आणि ते चुलीतही घालता येईना.

खर्च लपवत नाही. तोडणी, ट्रॅक्टर, गिरणीची कापाई, पातं, मेस्त्रींची मजुरी हे सगळं धरलं तर पहिल्या वर्षी मला हे काम स्वस्त पडलं नाही. आंबा गेला नसता तर पडलं असतं. पण दोन दारं, एक देवघर, ऐनाची एक चौकट आणि चार पाट आज घरात आहेत, आणि त्यातलं प्रत्येक कुठल्या झाडाचं, ते झाड कुठे उभं होतं, हे नातवाला बोट दाखवून सांगता येतं.

दापोली-मंडणगडकडे कुणाचं झाड पडलं असेल किंवा नाइलाजाने काढावं लागत असेल, तर ठेकेदाराला हो म्हणण्याआधी मला इनबॉक्समध्ये कळवा. टेप घेऊन येईन, हिशेब करून देईन, मेस्त्रींनाही घेऊन येईन. पैसे नकोत, चहा पुरे. आंबा असेल तर मात्र त्याच दिवशी कळवा.