पैसे पात्यावर, बाकी सगळं भाड्यानं : 'पिट अँड द पेंड्युलम' (१९६१)

दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या या सिनेमावर एक आक्षेप कायम घेतला जातो : लेखक एडगर ॲलन पोची ज्या कथेवर तो बेतलाय, ती यात फक्त शेवटी शेवटी येते. आक्षेप खरा आहे. पण माझ्या मते या सिनेमातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच आहे.

मूळ कथेत (१८४२) आहे काय? स्पेनमधल्या तोलेदोच्या अंधारकोठडीत इन्क्विझिशनचा एक निनावी कैदी. (इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय; आपल्याकडे गोव्यातही ते होतं.) जमिनीत खड्डा, वरून इंचाइंचानं उतरणारं पातं, पट्टे कुरतडणारे उंदीर, तापून आत सरकणाऱ्या भिंती. संवाद नाहीत, दुसरं पात्र जवळजवळ नाही. यावर ८० मिनिटं निघत नाहीत. म्हणून पटकथाकार रिचर्ड मॅथेसननं कथा अख्खी शेवटासाठी राखून ठेवली आणि तिथवर पोचायला नवा रस्ता बांधला : बहीण कशी मेली हे शोधायला स्पेनमधल्या किल्ल्यात आलेला भाऊ, बापाच्या छळखोलीच्या आठवणीनं पोखरलेला तिचा नवरा, आणि ती जिवंतपणी तर पुरली गेली नाही ना, ही शंका. जिवंत पुरलं जाण्याची भीती पोचीच, पण त्याच्या दुसऱ्या कथांमधली.

आता हिशोब बघा. बजेट जेमतेम तीन लाख डॉलर, चित्रीकरण १५ दिवस. कॉर्मन स्टॅनफर्डचा इंजिनिअर, आणि ते कामात दिसतं. कलादिग्दर्शक डॅनियल हॅलरनं कमानी, शेकोट्या, दारं, खिडक्या, छळयंत्रं नव्यानं बनवली नाहीत. मोठ्या स्टुडिओंत जुन्या सिनेमांचे पडून असलेले सुटे भाग हुडकले, भाड्यानं आणले आणि आधी आखलेल्या नकाशाप्रमाणे जोडून किल्ला उभा केला. क्रम लक्षात घ्या : आधी नकाशा, मग सामान.

वाचलेला पैसा गेला ते पातं लावलेल्या लंबकावर. सुमारे १८ फूट लांब, टनापेक्षा जड, स्टुडिओच्या छताला ३५ फुटांवर टांगलेला. आधी पातं रबराचं होतं, पण ते भावाची भूमिका करणाऱ्या जॉन केरच्या छातीला अडकून बसायचं. मग धातूचं धारदार पातं बसवलं. ते सदरा कापेल पण कातडीला लागणार नाही, इतकं नेमकं जुळवायचं होतं. म्हणून केरच्या कमरेला, पातं जिथून जाणार तिथे, पोलादी पट्टा बांधला. चेहऱ्यावरचा घाम बऱ्यापैकी खरा आहे.

पण एवढं जड धूड झुलतं संथ, आणि संथ पातं पडद्यावर घड्याळासारखं दिसतं. उपाय संकलनात केला : लंबकाच्या शॉटमधली एक सोडून एक फ्रेम काढून टाकली. वेग दुप्पट झाला आणि हालचालीत एक बोचरा झटका आला. ही युक्ती आजही कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरवर फुकट करता येते. फक्त त्या शॉटमध्ये माणूस हलता कामा नये, नाहीतर तोही दुप्पट वेगानं हलेल आणि भीती जाऊन हसू येईल.

खोली प्रचंड वाटते त्याचंही गणित आहे. सेट स्टुडिओच्या जमिनीपासून छतापर्यंत भिडलेला. छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीचा कॅमेरा पार दुसऱ्या टोकाला, त्यावर रुंद पडद्यासाठीची ४० मिलिमीटरची पॅनाव्हिजन लेन्स. चौकटीच्या कडांना जिथे सेट संपतो, तिथे पुढचा भाग नंतर ऑप्टिकल छपाईत (दोन चित्रं एकाच फिल्मवर छापून) जोडला. पडद्यावर जागा दुप्पट झाली.

पूर्वस्मृतीचे प्रसंग तर वेगळे अभ्यासावेत. निळ्या छटेच्या फिल्मवर प्रिंट काढून डेव्हलप करताना लाल टोन दिला. त्यामुळे उजेड निळा आणि सावल्या रक्तासारख्या लाल. त्यात तिरका कॅमेरा आणि कडांनी वितळणारी चौकट. वेड दाखवायला इथे अभिनेत्यापेक्षा प्रयोगशाळा जास्त कामाला आलीय.

दोष आहेतच. पूर्वार्ध रेंगाळतो, केर शुष्क वाटतो. बहिणीच्या भूमिकेतल्या बार्बरा स्टीलला तिच्या डोळ्यांच्या ताकदीच्या मानानं फार थोडा वेळ मिळतो. नवरा झालेला व्हिन्सेंट प्राइस भडक अभिनय करतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. मधे हळवा, थरथरता नवरा उभा केला नसता तर शेवटी त्याच शरीरात बाप शिरलेला आपण मानलाच नसता.

बघणार असाल तर रुंद पडद्याचीच प्रत शोधा. टीव्हीसाठी चौकोनी कापलेल्या प्रतीत लंबकाच्या झोक्याची दोन्ही टोकं चौकटीबाहेर जातात. आणि सुरुवातीलाच अभिनेत्री लुआना अँडर्स वेड्यांच्या इस्पितळात दिसली, तर तो १९६८ मध्ये टीव्हीसाठी लांबी वाढवायला जोडलेला तुकडा आहे. तो सरळ पुढे ढकला. सिनेमा समुद्रकिनाऱ्यापासून सुरू होतो.